पोटाचे चित्र आणि कामाची चिठ्ठी



कार्यक्रमपत्रिकेत आमचे नाव आणि त्यापुढचा विषय वाचून छापखान्याची काही चूक झाली असावी, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटले असेल. संप, बोनस, टाळेबंदी हे आमचे नेहमीचे विषय. पोटाच्या अस्तराला होणारे दुर्मिळ कर्करोग चित्रांवरून कसे ओळखतात, हा विषय डॉक्टरांचा. आम्ही तर डॉक्टर नव्हे. आमची शाळा रात्रीची होती, आणि तीही दहावीला संपली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकाशी आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा कोणी कोणते औषध घ्यावे हे आम्ही सांगणार नाही. परंतु या रोगाची आणि आमची गाठ एका माणसामुळे पडली, आणि ती पडल्यावर शब्दकोश उशाशी घेऊन, डॉक्टरांच्या दारी बसून जे समजून घ्यावे लागले, ते आपल्यापुढे ठेवणे आम्ही कर्तव्य समजतो. त्यात आमच्या स्वतःच्या चुकीचीही एक गोष्ट आहे. ती शेवटी सांगू.

प्रथम हे अस्तर म्हणजे काय ते पाहू. जुन्या लाकडी पेटीला आतून कापडाचे अस्तर लावलेले आपण पाहिले असेल. आपल्या पोटाच्या पोकळीलाही तसेच एक पातळ, ओलसर, चकचकीत अस्तर असते. त्याला पर्युदर म्हणतात. मात्र पेटीचे अस्तर भिंतीपाशीच थांबते. हे तेथून वळून यकृत, जठर, आतडी यांनाही गुंडाळून घेते. त्याच्या सगळ्या घड्या उलगडल्या तर त्याचा पसारा अंगावरच्या कातडीच्या पसाऱ्याला जवळजवळ येतो. जठराखाली चरबीची एक झालर आतड्यांवर पदरासारखी लोंबत असते. ती वपा. या सर्वांच्या मध्ये थोडासाच ओलावा असतो, आणि त्यामुळे आतडी एकमेकांवरून न घासता सरकतात. निरोगी माणसाला आपल्या पोटात असे काही आहे याचा जन्मभर पत्ता लागत नाही.

या अस्तरावर जे कर्करोग दिसतात त्यांतले बहुतेक पाहुणे असतात. जठर, मोठे आतडे, स्त्रियांचे बीजकोश येथून ते येतात आणि अस्तरावर रुजतात. अस्तरातच जन्मलेला कर्करोग विरळा. त्यांतल्या मुख्य रोगाचे नाव मेसोथेलिओमा. हा छातीत फुफ्फुसाच्या आवरणालाही होतो, आणि तेथे तो जास्त आढळतो. पोटातला त्याहून विरळा. आणखीही एकदोन प्रकार आहेत. एक बीजकोशाच्या कर्करोगासारखाच दिसतो, पण अस्तरातच उगवतो. दुसऱ्यात, बहुधा आंत्रपुच्छातून सुरुवात होऊन, सारे पोट चिकट लगद्याने भरते. आज आम्ही बोलणार आहोत ते मेसोथेलिओमाबद्दल, कारण त्याचा संबंध कामगाराच्या अंगावरच्या धुळीशी आहे. ती धूळ ॲस्बेस्टॉसची.

हा संबंध जगापुढे कसा आला, याची हकिकत ऐकण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेत किंबर्ले गावी क्षयाचे एक रुग्णालय होते. डॉक्टर स्लेग्ज तेथे काम करीत. त्यांच्या ध्यानात आले की पश्चिमेकडून, निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींच्या मुलखातून येणाऱ्या काही रोग्यांच्या छातीत पाणी भरते, त्यांना क्षयाचे औषध दिले जाते, आणि उतार मात्र पडत नाही. पुढे वॅग्नर, स्लेग्ज आणि मर्चंड या तिघांनी १९६० साली अशा ३३ रोग्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एक सोडून बाकी सर्वांचा या ना त्या प्रकारे त्या खनिजाशी संबंध आला होता. कित्येक तर खाणीत उतरलेलेही नव्हते. लहानपणी खाणीजवळ राहत होते, इतकेच. क्षय समजून औषध आणि निघाला दुसराच रोग, ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी. ती पुढे पुन्हा येणार आहे.

दुसरी हकिकत अमेरिकेतली, आणि आम्हा युनियनवाल्यांना अभिमान वाटावा अशी. वाफेच्या नळांवर उष्णतारोधक लेप आणि पट्ट्या चढवणाऱ्या कामगारांची न्यूयॉर्क व न्यूजर्सी भागात संघटना होती. डॉक्टर अर्व्हिंग सेलिकॉफ यांनी तिच्या सभासदांच्या नोंदवह्या मागितल्या, आणि १९४२ च्या अखेरीस पटावर असलेल्या ६३२ कामगारांचे पुढे काय झाले ते एकेक करून शोधले. फुफ्फुसाच्या व त्याच्या आवरणाच्या कर्करोगाने सहासात मरावेत असा सर्वसाधारण हिशेब होता. प्रत्यक्षात ४५ मेले होते. हे १९६४ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्याच धंद्यातल्या १७,८०० कामगारांवर १९६७ ते १९७६ अशी दहा वर्षे नजर ठेवण्यात आली. त्या काळात २,२७१ जण मेले. त्यांतले १७५ मेसोथेलिओमाने गेले. आणि या १७५ पैकी छातीचे ६३, तर पोटाचे ११२! चारचौघांत विरळा असलेला हा पोटाचा रोग त्या एका धंद्यात मात्र विरळा राहिला नव्हता. हा शोध लागला कशावरून? वर्गणीच्या वहीवरून. कोण, केव्हापासून, कोणत्या कामावर, एवढेच तिच्यात लिहिलेले होते.

तिसरी गोष्ट लंडनची. १९६५ साली तेथील ७६ मेसोथेलिओमांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत छातीचेही होते आणि पोटाचेही. त्यांतल्या नऊ जणांनी स्वतः कारखान्याचे तोंड पाहिले नव्हते. घरातले कोणी तेथे कामाला होते, आणि त्याचे कामाचे कपडे घरी येऊन धुतले जात. बायकांनी हे विशेष लक्षात ठेवावे, असे आम्हांस वाटते.

न्याय म्हणून हेही सांगितले पाहिजे की पोटाचा प्रत्येक मेसोथेलिओमा ॲस्बेस्टॉसमुळेच होतो असे नाही. पुष्कळ रोग्यांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, बाबतीत असा संबंध सापडत नाही. काही घराण्यांत तो आनुवंशिक दोषानेही येतो. निळ्या व तपकिरी जातीचा आणि भरपूर धुळीचा पोटाच्या रोगाशी संबंध अधिक घट्ट आहे. मात्र कर्करोग करण्याची शक्ती सर्वच जातींत आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेचा निर्वाळा आहे. आणि धूळ अंगात जाणे व रोग दिसणे यांत वीस, तीस, चाळीस वर्षेही जातात. कारखाना बंद पडतो, मालक बदलतात, कामगार गावी जातो. आणि मग एके दिवशी पोट फुगू लागते.

आता चित्रांकडे वळू. पोट फुगलेला मनुष्य दवाखान्यात गेला की बहुधा प्रथम सोनोग्राफी होते. ध्वनीच्या लहरी आत सोडायच्या आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र काढायचे, ही तिची रीत. पोटात पाणी झाले आहे हे ती चटकन सांगते, आणि सुई कोठे घालावी हेही दाखवते. पण पाणी का झाले, हे पाणी सांगत नाही. जलोदर यकृताच्या विकाराने होतो, हृदयाच्या होतो, क्षयाने होतो, कर्करोगानेही होतो.

म्हणून पुढची पायरी सी. टी. स्कॅन. हे यंत्र गॉडफ्रे हौन्सफिल्ड यांनी सिद्ध केले. त्यांच्यापाशी विद्यापीठाची पदवी नव्हती, आणि ते नोकरीला होते ते ग्रामोफोनच्या तबकड्यांबद्दल प्रसिद्ध असलेल्या कंपनीत. आमच्यासारख्या रात्रशाळेच्या विद्यार्थ्याला याचे समाधान वाटते, ते का लपवावे? १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र या यंत्राने घेतले, आणि १९७९ साली हौन्सफिल्ड व कॉर्मॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. साधा क्ष-किरण म्हणजे अंगाची एक सावली. सी. टी. मध्ये किरण सर्व बाजूंनी फिरवून शरीराच्या पातळ पातळ चकत्या दिसतात, जणू काकडी चिरून आत पाहावे. शिवाय प्रत्येक ठिपक्याला एक आकडा मिळतो. पाण्याचा आकडा शून्य, हवेचा उणे हजार, चरबीचा उणे शंभराच्या आसपास, आणि मांसाचा शून्याच्या वर, चाळिसाच्या आगेमागे.

या आकड्यांची गंमत पाहा. वपा ही चरबीची; तिचा आकडा उणे शंभर, म्हणून चित्रात ती काळसर दिसते. तिच्यात रोग शिरला की काळ्या जागी करडे ठिपके येतात, मग जाळी होते, आणि शेवटी सबंध वपा भाकरीसारखी जाड व घट्ट होते. अस्तर एरव्ही चित्रात दिसतही नाही. ते जाड झाले, त्याच्यावर गाठी आल्या, म्हणजे दिसू लागते. आतड्यांना धरून ठेवणाऱ्या पडद्याच्या चुण्या ताठ होतात. यकृताच्या कडेला खळगे पडतात. आणि मुख्य म्हणजे, जठर, आतडे, बीजकोश यांत कोठेही मूळ गाठ सापडत नाही. पाहुण्याचे घर सापडले नाही म्हणजे तो येथलाच रहिवासी असावा, असा संशय घ्यायचा.

परंतु आपल्या देशात येथेच पाय घसरतो. पोटाचा क्षयही असाच दिसतो. तोही पाणी करतो, अस्तर जाड करतो, वपा दाट करतो, माणसाला वाळवतो. अस्तर सर्वत्र सारखे, गुळगुळीत जाड असेल, लसीकाग्रंथी सुजून त्यांचा मध्य विरघळल्यासारखा दिसत असेल, लहान व मोठ्या आतड्याच्या सांध्यापाशी सूज असेल, तर क्षयाकडे कल जातो. अस्तर उंचसखल, गाठाळ असेल आणि ग्रंथी फारशा वाढलेल्या नसतील, तर दुसरीकडे. पण हा कल झाला, निकाल नव्हे. पेट स्कॅनमध्ये साखरेसारखे किरणोत्सारी द्रव्य टोचतात, आणि जेथे पेशी भुकेल्या असतात तेथे ते चमकते; पण क्षयाची जागाही चमकते आणि कर्करोगाचीही. एम. आर. आय. ला अस्तरावरच्या बारीक गाठी काही वेळा सी. टी. पेक्षा बऱ्या दिसतात. लहान आतड्यावर विखुरलेल्या काही मिलिमीटरांच्या गाठी सी. टी. च्या नजरेतून निसटतात, हे तज्ज्ञ स्वतःच सांगतात.

मग खरा निकाल कोण देतो? मांसाचा तुकडा. पोटाला लहानसे छिद्र पाडून दुर्बीण आत घालतात, अस्तर डोळ्यांनी पाहतात, तुकडा काढतात, आणि विकृतितज्ज्ञ त्याला निरनिराळे रंग व प्रतिपिंडे लावून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. नुसत्या काढलेल्या पाण्यात हा रोग पुष्कळदा सापडत नाही. तुकडा कोठून घ्यावा, तेथे कसे पोचावे, आणि पुढे शस्त्रक्रिया शक्य आहे की नाही, हे मात्र चित्र सांगते. पोटाचे तेरा विभाग पाडून प्रत्येकाला शून्य ते तीन गुण देतात. जास्तीत जास्त एकोणचाळीस. या परीक्षेत गुण कमी पडलेले चांगले. रोग आवाक्यात असेल तर दिसणारा सगळा रोग खरवडून काढायचा आणि मग ऊन केलेले औषध पोटात फिरवायचे, असा उपचार आहे. २९ संस्थांतील ४०५ रोग्यांचा एकत्रित वृत्तांत २००९ साली आला. असे उपचार झालेल्यांपैकी निम्मे ५३ महिन्यांहून अधिक जगले. पूर्वी या रोगात बहुधा वर्षाचाही भरवसा नसे. ज्यांची शस्त्रक्रिया होऊ शकते असे निवडक रोगीच यात होते, हे खरे. पण म्हणूनच वेळेवर ओळखण्याला किंमत आहे.

आता आमच्या माणसाची गोष्ट. त्यांचे नाव सांगत नाही. आम्ही सारे त्यांना मिस्त्री म्हणत असू. मुंबईच्या उपनगरातल्या एका कारखान्यात ते १९७८ साली लागले. करडी पूड घमेल्यात पाण्याने कालवायची आणि बॉयलरच्या नळांवर हाताने लिंपायची, हे त्यांचे काम. जुना लेप फोडताना खात्यात समोरचा माणूस दिसत नसे. संध्याकाळी मिस्त्री घरी निघाले की भुवया पांढऱ्या असायच्या, आणि आम्ही पोरे त्यांना म्हातारा म्हणून चिडवायचो. २००२ साली कारखाना बंद झाला. २०११ साली त्यांचे पोट फुगले. चेहरा वाळला, आणि धोतराची गाठ बसेना.

एका दवाखान्यात पाणी काढले, सोनोग्राफी झाली, आणि क्षयाचे औषध सुरू झाले. त्या डॉक्टरांना आम्ही दोष देत नाही. आपल्याकडे क्षय शंभरपट अधिक दिसणारा, आणि बरा होणारा. त्याचा विचार आधी करणे शहाणपणाचेच होते. चूक एवढीच की पाच महिने उतार पडला नाही, तरी तुकडा काढला नाही. आणि तुम्ही आयुष्यभर काय काम केलेत, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

तो विचारला दुसऱ्या ठिकाणच्या एका तरुण क्ष-किरणतज्ज्ञ बाईंनी. पोटाच्या सी. टी. मध्ये वरच्या काही चकत्यांत फुफ्फुसाचा तळ येतो. तेथे, श्वासपटलावर, त्यांना पांढरे चुन्यासारखे चट्टे दिसले. ॲस्बेस्टॉसची धूळ घेतलेल्याच्या छातीत असे चट्टे पडतात. त्या खुर्चीवरून उठून बाहेर आल्या आणि बाकावर बसलेल्या मिस्त्रींना म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही काम काय करायचात?" मिस्त्री म्हणाले, "लॅगिंग." बाईंना तो शब्द कळला नाही. वहिनी शेजारी होत्या. त्या म्हणाल्या, "पांढऱ्या पुडीचं काम हो, ताई. कपडे मीच धुवायची. आधी अंगणात झटकायची, मग भिजवायची."

तुकडा काढला. मेसोथेलिओमाच निघाला. तोवर रोग लहान आतड्यावर सर्वत्र पसरला होता, शस्त्रक्रियेचा मार्ग उरला नव्हता. २०१२ च्या पावसाळ्यात मिस्त्री गेले. पाच महिने आधी कळते तर ते वाचते, असे आम्ही म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. पण निवड करण्याची संधी त्यांना मिळाली असती.

आता आमची चूक. मिस्त्री गेल्यावर वहिनींसाठी नुकसानभरपाईचा दावा करायचा ठरला. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा कायद्याच्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत होताच. पण मिस्त्री त्या खात्यात होते याचा पुरावा? २७ जानेवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस-कामगारांच्या खटल्यात आज्ञा दिली होती की प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यापासून पंधरा वर्षे, यांत जे उशिराचे असेल तोवर जपावी. बंद कारखान्यात आम्हांला असा एक कागदही मिळाला नाही. मिळाला तो युनियनच्या कपाटात. १९९३ सालचा करार! आम्ही तेव्हा पंचविशीचे, नवे सहचिटणीस. सहा आठवडे भांडून आम्ही बॉयलर खात्यासाठी महिना पस्तीस रुपये धूळभत्ता आणि रोज गुळाचा खडा मिळवला होता. करारासोबत खात्यातल्या माणसांची यादी होती, आणि तिच्यात मिस्त्रींचे नाव तिसरे होते. त्या दिवशी फाटकावर आम्हांला खांद्यावर घेऊन नाचवले होते, आणि खांदा मिस्त्रींचा होता.

त्या कागदाने दावा उभा राहिला आणि वहिनींच्या हाती काही रक्कम आली. पण तो हातात घेताना जे वाटले ते सांगणे अवघड आहे. धूळ बंद करा, असे आम्ही म्हटलेच नव्हते. आम्ही धुळीचा भाव ठरवला होता. गुळाने घशातली धूळ उतरते, अशी आमची समजूत होती. पोटाच्या अस्तराला गूळ माहीत नसतो. १९६४ सालीच न्यूयॉर्कच्या कामगारांच्या वह्यांतून जे जगाला कळले होते, ते १९९३ साली आम्हांला ठाऊक नव्हते. मालकाला ठाऊक होते की नाही, हा प्रश्न आम्ही शेकडो सभांत विचारला आहे. आम्ही का वाचले नाही, हा प्रश्न आज येथे विचारतो.

तेव्हापासून आमच्या युनियनने एक साधा नियम केला आहे. प्रत्येक सभासदाने रेशनकार्डाबरोबर एक चिठ्ठी ठेवायची. तिच्यावर चार ओळी: कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, कोठे, कोणत्या हाताने कोणते काम, आणि कोणत्या वस्तूची धूळ वा वाफ. पाचवी ओळ घरच्यांसाठी: कपडे कोण धूत असे. दवाखान्यात गेल्यावर डॉक्टरांनी विचारो न विचारो, ती चिठ्ठी कागदांच्या वर ठेवायची, आणि चित्र काढणाऱ्यांपर्यंत ती पोचली की नाही ते पाहायचे. हे फक्त कारखान्यातल्यांसाठी नाही. जुने पत्रे फोडणारे, भट्टीचे दोर बदलणारे, जहाजे तोडणारे, गिरणीच्या बॉयलरपाशी उमेदवारी केलेले आणि आता आपल्या या गावी सेवानिवृत्तीत फुलझाडांना पाणी घालणारे, असे लोक याही मंडपात असतील. सिमेंटच्या पत्र्यांसाठी पांढरा ॲस्बेस्टॉस आपल्या देशात आजही येतो आहे; म्हणजे चिठ्ठीचे काम आणखी चाळीस वर्षे तरी संपत नाही.

पोट फुगलेल्या प्रत्येकाने भिऊन जावे, असा याचा अर्थ नाही. हा रोग विरळाच आहे. क्षयाचे औषध चालू असेल तर ते आमचे भाषण ऐकून कोणी सोडू नये. परंतु औषधाने उतार पडत नसेल, तर तुकडा तपासला का, असे डॉक्टरांना नम्रपणे विचारण्याचा हक्क प्रत्येकाला आहे, आणि चांगल्या डॉक्टरांना त्या प्रश्नाचा राग येत नाही.

यंत्र फार शिकले आहे. ते पोटाच्या चकत्या करते, प्रत्येक ठिपक्याला आकडा देते. पण तो मनुष्य तीस वर्षे कशात हात घालून उभा होता, हे कोणत्याही चकतीत उमटत नाही. श्वासपटलावरचे ते चट्टे त्याआधीच्या चित्रांतही असतील. ते पाहून खुर्चीवरून उठणारे माणूस एकच निघाले. त्या बाईंना पुढे आम्ही युनियनच्या सभेत बोलावले होते. त्यांनी प्रथम विचारले, "लॅगिंग म्हणजे नेमके काय, ते दाखवाल का?" आमच्या एका जुन्या माणसाने हवेतच नळ धरला आणि त्याच्यावर हाताने लेप कसा फिरवीत, ते दाखवले. बाई वहीत लिहून घेत होत्या.